बांधीव वॉर्डरोब की सुटं कपाट? गोव्यात ठरवताना

जागेचा हिशेब मांडला की बांधीव वॉर्डरोबच जिंकतो, यात वाद नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात फुटी सुट्या कपाटाच्या डोक्यावर अडीच-तीन फूट जागा रिकामी राहते आणि तिथे धूळ, बॅगा नि जुने खोके साठतात. बांधीवमध्ये त्याच जागेत पाहुण्यांच्या गाद्या-उशा मावतात, वाकडी भिंत झाकली जाते आणि खोली नीटस दिसते.

पण हा हिशेब मे महिन्यातला. खरी परीक्षा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी होते, सोवळं आणि रेशमी साड्या काढायला कपाट उघडतो तेव्हा. दार उघडताच कुबट वास येतो, चामडी पट्ट्यावर पांढरी लव आणि मागच्या कपड्यांवर हिरवट-काळे ठिपके दिसतात. मग डांबरगोळ्यांवर खर्च होतो, आणि दोष मात्र कपड्यांवर जातो.

दोष असतो वॉर्डरोबच्या पाठीचा. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. चिरा, म्हणजे भिंतींचा जांभा दगड, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. जुन्या घरांत चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडायची. आता सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवल्यावर ती अडकून राहते. अशा भिंतीला 6 मिलिमीटरचा बॅक प्लाय सपाट टेकवून ठोकला की मधली हवा हलायला जागाच राहत नाही. त्यात सुतार दिसणाऱ्या बाजूंना सनमायका लावतो आणि भिंतीकडची बाजू कोरी सोडतो, कारण ती कोण बघणार! ओल शिरते ती तिथूनच.

आणि तिथे बघताच येत नाही, हीच बांधीवची खरी कटकट. आतून डाग दिसेपर्यंत मागच्या भिंतीचा रंग फुगून सुटलेला असतो. पुसायचं म्हटलं तर अख्खा वॉर्डरोब उतरवावा लागतो, आणि एकदा उतरवलेल्या फळ्यांत स्क्रू पुन्हा पहिल्यासारखे धरत नाहीत. पार्टिकल बोर्ड असेल तर अजिबातच नाही. सुटं कपाट वर्षातून दोनदा पुढे ओढलं, पाठ पुसली, पंखा लावून दिवसभर वाळवलं की काम झालं. माझा कल कुठे आहे ते एवढ्यावरून कळलंच असेल. तरी प्रत्येक घराची ओल वेगळी, त्यामुळे हट्ट नाही.

सुटं घेताना पाय चार ते सहा इंची हवेत, म्हणजे खालून फडकं फिरतं आणि वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते. लाकडी पायाच्या तळाला रबरी टोपी घालावी, नाहीतर पुसायचं पाणी लाकडाच्या उभ्या रेषांतून वर चढतं. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवावं. घरात लहान मूल असेल तर त्या अंतरात वरच्या बाजूला लाकडी ठोकळा घालून एल-क्लॅम्पने कपाट भिंतीला अडकवावं. दोन स्क्रू काढले की ते पुन्हा मोकळं. लोखंडी कपाटाचा तळ आधी गंजतो, समुद्राजवळ तर फारच लवकर. सागवानी किंवा फणसाचं जुनं कपाट घरात असेल तर नव्याच्या नादाने ते विकू नका.

तरीही बांधीवच हवं असेल तर आधी भिंत तपासा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून दोन दिवस चिकटवा, शक्यतो भर पावसात. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ती भिंत सोडा. पश्चिमेची बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत तर तपासण्याआधीच बाद. दोन खोल्यांमधली आतली भिंत उत्तम.

वॉर्डरोबच्या खोक्याला, म्हणजे दारं सोडून बाकी सांगाड्याला, 18 मिलिमीटरचा आयएस 710 मार्कचा (मरीन) प्लाय घ्या, नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका. पाठीमागे एक इंची उभ्या पट्ट्या मारून पोकळी ठेवा, तळाच्या पट्टीत आणि वर छताजवळ जाळ्या द्या. हवा खालून शिरून वरून निघाली पाहिजे, एकच जाळी ठेवली तर उपयोग शून्य. दारांना दोन्ही बाजूंनी लॅमिनेट हवं, एकाच बाजूला लावलेलं सात फुटी दार पहिल्याच पावसात पीळ खातं. अशा दाराला बिजागऱ्या चार, आणि स्क्रू स्टेनलेसचे.

रोज राहतं घर, पंखे चालू, खिडक्या उघड्या असतील तर असा बांधीव वॉर्डरोब चालून जाईल. फ्लॅटला जूनमध्ये कुलूप लावून थेट चवथीला येणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला न गेलेलं बरं.

काम देण्याआधी सुताराशी एक गोष्ट पक्की करा: खोका भिंतीला लावण्यापूर्वी उलटा करून दाखवायचा. पाठ आणि कापलेल्या कडा कोऱ्या दिसल्या तर प्रायमरचे दोन हात दिल्याशिवाय एकही स्क्रू मारू देऊ नका.