प्राणायामासाठी ऑक्सिमीटर घ्यावा की स्मार्टवॉच?

कोविडच्या लाटेत ऑक्सिमीटर घराघरात आला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्यपथकं दारात येऊन बोटाला लावून गेली, आणि आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तो आकडा मनातून गेलेला नाही. म्हणूनच प्राणायाम सुरू केलेले बरेच जण विचारतात: अनुलोम-विलोमाने माझा ऑक्सिजन वाढतोय का, आणि ते बघायला कोणतं यंत्र घेऊ?

आधी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलू, कारण निवड तिच्यावरच ठरते. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे एसपीओटू, बसल्या जागी ९५ ते १०० टक्के असतं. ९८ असताना कितीही खोल श्वास घेतला तरी वाढायला जागा उरते दोन टक्क्यांची. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी तांब्याभर पाणी ओतावं, तसं हे. त्यातून चांगल्या ऑक्सिमीटरच्या आकड्यातही दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतंच. तेव्हा आसनावर बसताना ९७ होता आणि उठताना ९९ झाला, याला प्राणायामाचा परिणाम म्हणता येत नाही.

बोटाचा चिमटा आणि मनगटावरचं घड्याळ

बोटाचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यातला नाडीच्या ठोक्यासोबत बदलणारा भाग वेगळा काढायचा, ही कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकातली. स्मार्टवॉचचं तत्त्व तेच. पण मनगटातून प्रकाश आरपार जात नाही, त्वचेखालून परत आलेला तेवढा मोजावा लागतो. हा संकेत क्षीण असतो. पट्टा सैल असला, हात हलला किंवा थंडीत मनगट गार पडलं की घड्याळ आकडाच देत नाही, किंवा भलताच देतं. हे माप वैद्यकीय वापरासाठी नाही, असं बहुतेक घड्याळांच्या कंपन्या स्वतःच लिहून देतात.

ऑक्सिजनचा आकडा हवा असेल तर बोटाचाच ऑक्सिमीटर घ्यावा, यात मला शंका नाही. तो स्वस्तही पडतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा घातली होती. घेताना नाडीची लाट पडद्यावर दिसते का ते बघा. लाट एकसारखी नसेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. नेलपॉलिश काढा, बोट चोळून ऊबदार करा, हात मांडीवर स्थिर ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत निदान अर्धा मिनिट द्या. गडद त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात, हे अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात २०२० साली ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या त्वचेसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ९३ दिसतोय आणि दमही लागतोय, अशा वेळी ‘दोन टक्के इकडेतिकडे’ म्हणून सोडून देऊ नये.

फोनचा कॅमेरा आणि फ्लॅश वापरून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपच्या नादी लागूच नका.

यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही

श्वासात दोन वायूंचा व्यवहार असतो आणि ऑक्सिमीटर त्यातला एकच बघतो. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही, आणि प्राणायामात सगळ्यात जास्त हलतो तो हाच वायू. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत योगाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी ऑक्सिमीटर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी प्राणायामातले वायू मोजायला घेतले, तेव्हा त्यांनी घेतलेला ऑक्सिजन आणि टाकलेला कार्बन डायऑक्साइड असे दोन्ही मोजले. आपल्या घरच्या चिमट्यात ती सोय नाही.

भस्त्रिका घ्या. भराभर खोल श्वास सुरू झाले की कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो. तो उतरला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, हिमोग्लोबिनही आपला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, गरगरतं. त्याच क्षणी यंत्र ९९ किंवा १०० दाखवत असतं! ‘ऑक्सिजन भरपूर वाढला म्हणून गरगरतंय’ असं वर्गात सांगितलं जातं, ते चूक आहे. कपालभातीत नुसता उच्छ्वासाचा झटका असतो आणि दर झटक्याला हवा थोडीच आतबाहेर होते, त्यामुळे नीट केली तर हा त्रास कमी. घाईत करणाऱ्यांची मात्र कपालभातीचीही भस्त्रिका होते.

कुंभकात, म्हणजे श्वास रोखून धरताना, उलट फसगत होते. फुप्फुसातला बदल बोटापर्यंत पोहोचायला रक्ताला वेळ लागतो, शिवाय यंत्र काही सेकंदांची सरासरी काढतं. लांब कुंभकानंतर सर्वांत खालचा आकडा दिसतो तो तुम्ही पुन्हा श्वास घेऊ लागल्यावर. तेव्हा पडद्याकडे बघत बघत श्वास रोखून धरणं ही सुरक्षितता नव्हे. भस्त्रिका करून लगेच लांब कुंभक लावणं तर मी कोणालाच सुचवणार नाही. श्वास घेण्याची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जाणवते. तो आधीच घालवून टाकला, तर ऑक्सिजन घसरत असताना इशाराच मिळत नाही. पोहण्याच्या तलावात असं करणारे पाण्याखाली बेशुद्ध पडून दगावले आहेत.

संथ श्वासाची गोष्ट वेगळी. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, या लयीत श्वास घेताना नाडी चढते आणि सोडताना उतरते, आणि हा चढउतार या गतीला खूप मोठा होतो. इटलीतल्या लुचिआनो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ साली दाखवलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणतानाही श्वास आपोआप याच गतीला येतो आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाची, म्हणजे शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिसादाची, संवेदनशीलता वाढते. त्यांच्याच १९९८ च्या अभ्यासात हृदय कमजोर झालेल्या रुग्णांचा ऑक्सिजनही या गतीने किंचित सुधारला. जिथे मुळात आकडा खाली असतो, तिथे तो हलतो. साडेचार हजार मीटर उंचीवर केलेल्या एका प्रयोगात संथ खोल श्वासाने एसपीओटू सुमारे ८० वरून ८९ पर्यंत चढला होता. संथ श्वासाची ही लय सोडल्यावर मात्र तो लाभ टिकत नाही. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी हा श्वास जरूर शिकावा, पण उंचीवर डोकं दुखतंय, उलट्या होतायत तर उपाय खाली उतरणं हाच.

मग कोणी काय घ्यावं

दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयाचा आजार असेल तर बोटाचा ऑक्सिमीटर घरी हवाच. तो प्राणायामाच्या गुणपत्रिकेसाठी नाही, तर आजारावर नजर ठेवायला. तुमचा नेहमीचा आकडा किती असावा हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. सीओपीडीच्या काहींचा तो ८८ ते ९२ च्या दरम्यानही असू शकतो. दम्यासाठी याच्या जोडीला पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी नळी, घ्या. ऑक्सिजन घसरण्याच्या बराच आधी तो बिघाड दाखवतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर भस्त्रिका, कपालभाती आणि लांब कुंभक बाजूला ठेवून संथ अनुलोम-विलोम, भ्रामरी करा.

तब्येत ठणठणीत आहे आणि प्राणायामाचा गुण बघायचा आहे, तर ऑक्सिजन मोजूच नका. स्मार्टवॉच आधीच हातात असेल तर सकाळी उठतानाची नाडी आणि झोपेतली श्वासगती, या दोनच नोंदी आठवड्यागणिक बघत जा. एसपीओटूसाठी म्हणून नवं घड्याळ घेण्यात पैसे घालवू नयेत. आणि काहीच घ्यायचं नसेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घरातल्या कोणाला तरी तुमच्या नकळत मिनिटभर तुमचे श्वास मोजायला सांगा. आपले आपण मोजायला गेलो की ते लगेच संथ होतात.