लातूरचे चावीवाले चाचा आणि आमची बत्तीस वर्षं बंद पडलेली तिजोरी

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते आधी सांगून मोकळी होते. मंगळवारी येतो म्हणाले, आले शुक्रवारी, मधे फोन लागेना. साडेतीन हजार ठरले होते, घेतले साडेचार. आणि ड्रिलचा लोखंडी कीस नव्या फरशीवर तसाच सांडून गेले. रात्री पावसाची सर आली, सकाळी फरशीवर गंजाचे ठिपके. लिंबू, सोडा, सगळं करून झालं, ते काही जात नाहीत.

कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही.

तिजोरी सासऱ्यांच्या आजोबांची, औसा तालुक्यातल्या गावच्या वाड्यातली. तेव्हा घरात अडतीचा धंदा होता. दारावरच्या पितळी पट्टीचं सगळं झिजलंय, ‘लिव्हरपूल’ तेवढं वाचता येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. आमची माणसं अंगणात होती म्हणून वाचली. मधल्या खोलीचं माळवद, माती, लाकडं, सगळं तिजोरीवर बसलं. पत्रा फाटला नाही, पण मूठ वाकली. पुढं चुलत सासऱ्यांनी किल्लीला पाना लावून जोर केला, तर किल्लीचं पातं आत तुटून बसलं. तेव्हापासून बंद. सासूबाई तरी दर दिवाळीला तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या आणि आत काय असेल यावर घरात दरवर्षी नवी यादी व्हायची.

यंदा वाडा पाडायला घेतला आणि हिचं करायचं काय, हा प्रश्न आला. धाकटे दीर म्हणाले, भंगारात द्या. भंगारवाल्यानं किलोला तीस रुपये सांगितले, जालन्याच्या भट्टीत जाऊन सळई होईल म्हणाला. पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं फोटो बघून पंधरा हजार सांगितले, किल्ली चालत असती तर चाळीस, वाहतूक आमची. थोरल्या दिरांना कागदांची आस. २०२३ पासून आमच्याकडं मराठा आरक्षणाला लागणाऱ्या निजामकाळच्या कुणबी नोंदींसाठी लोकांनी माळे, पेट्या, जुनी दप्तरं उपसली आहेत, त्यांना वाटायचं आमची नोंद हिच्यातच. सासूबाईंचं एकच, “घरातली लक्ष्मी भंगारात घालूलालाव व्हय?”

चाचांची टपरी गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या बाजूला. गोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातला बरोबर रस्ता धरायला मला दोन चकरा माराव्या लागल्या. बाहेर मोटारसायकलच्या चाव्यांचा घोस, आत जुन्या कुलपांचे डबे. फोटो दाखवला तर किंमत न सांगता त्यांनी मलाच विचारलं, “ताई, आतलं सामान पाहिजे, पेटी पाहिजे, का कुलूप पाहिजे? तीन कामं वेगळी, पैसे वेगळे.”

एवढ्या लोकांना विचारलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. नुसतं सामान हवं असेल तर मागून गॅस कटर लावायचा, तासाभरात मोकळं. पण पेटी गेली आणि आत कागद असले तर करपणार. पेटी हवी असेल तर दाराला कमीत कमी इजा करून उघडायची. कुलूप हवं असेल तर एकेक स्प्रिंग घडवायची, किल्ली घासायची, आणि ते काम ते घ्यायला तयार नव्हते. का, ते नंतर कळलं.

भंगारवाल्याचा हिशोबही त्यांनीच मोडीत काढला. साडेतीनशे किलो वजन म्हणजे साडेतीनशे किलो लोखंड नव्हे. दोन पत्र्यांच्या मधे भरण असतं, भंगारवाला त्याचं वजन कापून घेतो. आमच्या तिजोरीचा मागचा खालचा कोपरा गंजून उघडा पडलाय, तिथून पिवळट भुकटी गळते. आम्ही इतकी वर्षं तिला वाळवी समजत होतो! चाचांनी ती चिमटीत चोळली आणि म्हणाले, फिटकरी, म्हणजे तुरटी, आणि लाकडाचा भुसा. जुन्या विलायती तिजोऱ्यांत तुरटी यासाठीच घालत. आग लागली की तुरटी पाणी सोडते, वाफ होते, आतले कागद ओले होतील पण जळणार नाहीत. भुकटीवर त्यांनी ओलं फडकं टाकलं आणि आम्हाला तोंड बांधायला लावलं, ते बरंच केलं. काही तिजोऱ्यांच्या भरणात ॲस्बेस्टॉस असतं, नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

उघडायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी फक्त रॉकेल आणि तेल. “लोखंडाला घाई नक्को ताई, पिऊ द्या तिला.” एवढ्यासाठी औशापर्यंत आलात का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी करवतीच्या पात्याचा बारीक तुकडा आणि तार घालून तुटलेलं पातं बाहेर काढलं, नखाएवढं. ते जुन्या किल्लीला जोडून बघून तसलीच नवी किल्ली घासली. ती फिरेना. कुलपात सात पट्ट्या, प्रत्येक पट्टी किल्लीनं नेमक्या उंचीवर उचलली तरच कुलपाची जीभ सरकते, आणि एका पट्टीची स्प्रिंग तुटलेली. मग किल्लीच्या भोकाशेजारी सहा मिलिमीटरचं एकच भोक पाडलं. त्यातून वाकडी तार घालून ती पट्टी तोलून धरली आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली. बत्तीस वर्षांनी खट्ट झालं. सासूबाईंनी हात जोडले. वाकडी मूठ पाइप लावून ओढायला मात्र तीन माणसं लागली.

आत थोरल्या दिरांची नोंद नव्हती. मोडीतल्या दोन खतावण्या, उर्दूतला जमिनीचा एक कागद, चारमिनार छापलेले निजामाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये आणि तराजूचं एक पारडं. दुसरं पारडं कुठं गेलं यावर त्याच रात्री दोन्ही दिरांचं वाजलं.

आम्ही खतावण्या चाळत बसलो आणि तेवढ्यात दिरांचा पाच वर्षांचा नातू तिजोरीत जाऊन मांडी घालून बसला, आतून दार ओढायला लागला. चाचा इतके ओरडले की पोरगं रडायलाच लागलं. कुलूप का करून देत नाहीत, ते तेव्हा समजलं. आतून उघडायची सोय नाही, हवा जात नाही, आणि तुटक्या स्प्रिंगचं कुलूप लागलं की भूकंपानंतरचीच गत. त्यांनी तिथंच दाराचे लोखंडी दांडे खोलून माझ्या हातात दिले. वरचे हजार रुपये त्याचे होते, हे मला दोन दिवसांनी सुचलं. तोवर मी गल्लीभर कुरकुर करून बसले होते.

तर तिजोरी ठेवली. बाजारातल्या चार हमालांनी पाइपच्या तुकड्यांवरून ढकलत नव्या घराच्या जिन्याखाली नेली. दार जड असतं, पूर्ण उघडलं की पेटी पुढं झुकते, म्हणून पाठीमागून भिंतीला लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या. तुमच्याकडं अशी असेल तर हे विसरू नका. आता आत सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आणि गोळ्यांचा डबा असतो.

चाचा ते भोक बुजवून देत होते, वर पितळेची टिकली लावतो म्हणाले. सासूबाईंनी नको सांगितलं. पाच उदबत्त्या एकदम खोचल्या की त्यात घट्ट बसतात.