जुना आय-फाईव्ह की खिशातला स्नॅपड्रॅगन? आमच्या सेवा केंद्रातला निकाल

सेकंडहँड कोर टू ड्युओ कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका राजेहो. तो कम्प्युटरचा जुना प्रोसेसर. बाकी दोन प्रोसेसर, डेस्कटॉपचा आय-फाईव्ह आणि फोनचा स्नॅपड्रॅगन, यांचं भांडण मात्र बरोबरीचं आहे.

दारव्हा तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, झेरॉक्स आणि सीझनमध्ये लग्नपत्रिका. टेबलावर दोन डेस्कटॉप आहेत. एकात २००९ चा कोर टू ड्युओ ई७५००, दुसऱ्यात २०११ चा आय-फाईव्ह २४००. दुसरा नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला डबा. खिशातल्या फोनमध्ये २०२१ चा स्नॅपड्रॅगन ६९५. लोक येऊन विचारतात, "भाऊ, पोट्ट्याले कम्प्युटर घेऊन देऊ का मोबाईलनंच भागते?" म्हणून तिघांना एकाच कामाला जुंपलं.

आधी गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसरवर लिहिलेल्या वेगाच्या आकड्याचा, भ्रम काढून टाका. ई७५०० वर २.९३ लिहिलंय, आय-फाईव्हवर ३.१, आणि फोनचे दोन मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) जेमतेम २.२ वर चालतात. तरी गीकबेंच ६ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत एका कोअरच्या गुणांत फोन आय-फाईव्हच्या थोडा पुढे निघाला, सगळे कोअर मिळून जवळपास बरोबरी. कोर टू ड्युओ एका कोअरला निम्म्याच्या आसपास आणि एकूण गुणांत पार मागे. पण फोनवाल्यांनी छाती फुगवू नये. या चाचणीत २५०० गुणांचं माप इंटेलच्या आय-सेव्हन १२७०० वर बेतलंय. तिथून पाहिलं तर आमचे तिघंही मागच्या बाकावरचे.

कोर टू ड्युओ एवढा का हरतो? त्याचा मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) प्रोसेसरच्या आत नाही, मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये आहे. रॅममधली प्रत्येक गोष्ट १०६६ च्या बसवरून, म्हणजे मधल्या रस्त्यावरून, ये-जा करते. शिवाय एईएस एन्क्रिप्शनच्या (माहिती कुलूपबंद करायच्या) खास सूचना त्यात नाहीत, आणि आता बहुतेक सरकारी पोर्टल एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंदच. यूट्यूबचा व्हीपी९ प्रकारात दाबलेला व्हिडिओ लावला की दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि चित्र अडखळतं. व्हीपी९ साठी वेगळं हार्डवेअर आय-फाईव्हमध्येही नाही, पण चार कोअरच्या जोरावर तो ओढून नेतो. फोनमध्ये मात्र त्याचा वेगळा भागच आहे, म्हणून तो थंड राहतो.

खरी गंमत लांबलेल्या कामात. गीकबेंच तुकड्या-तुकड्यानं धावते, मध्ये श्वास घेते. त्यात गरमी दिसत नाही. मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लहान करायला लावला, तोही हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबायचा वेगळा भाग) बंद ठेवून, नाही तर प्रोसेसरची परीक्षाच होत नाही. सुरुवातीला फोन आय-फाईव्हच्या बरोबरीनं पळाला. पण मे महिना, वर टिनाचं छप्पर, बाहेर ४५ अंश. थोड्याच वेळात फोनची पाठ तापली आणि वेग उतरला तो उतरलाच. कूलरच्या तोंडाशी धरला तं पुन्हा चढला. ("फोनले हवा घालून राहिला काय?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलंच.) आय-फाईव्ह पंखा घरघरवत एकाच चालीनं शेवटपर्यंत गेला. ९५ वॅटचा प्रोसेसर आहे तो, एवढी वीज खाल्ल्यावर तेवढं तरी करायलाच पाहिजे. लाईन गेली की मात्र उलट. डेस्कटॉप इन्व्हर्टरला जड जातो, फोन दिवसभर निघतो.

मग फोननंच दुकान का चालवत नाही? ई-पीक पाहणी तर फोनवरच होते. पण लग्नपत्रिका कोरलड्रॉमध्ये बनते, जुने मराठी फॉन्ट विंडोजवर आहेत. फोन मोठ्या स्क्रीनला जोडावा म्हटलं तर या चिपच्या बहुतेक फोनच्या टाइप-सी मधून चित्र बाहेरच येत नाही. त्या जोडणीचा विचार असेल तर घेण्याआधी दुकानातच केबल लावून पाहा.

पोरगं फक्त व्हिडिओ पाहून अभ्यास करणार असेल, फॉर्म भरणार असेल, तर आहे तो फोन पुरे. जीसीसी-टीबीसीची टायपिंग परीक्षा द्यायची असेल तर कीबोर्डवाचून इलाज नाही. मग आय-फाईव्ह घ्या, पण हार्डडिस्कसकट नको. एसएसडी (फोनसारखं फ्लॅश स्टोरेज) आणि ८ जीबी रॅम टाकल्याशिवाय त्याला हात लावू नका. फोन चपळ वाटतो त्यात निम्मा वाटा त्याच्या फ्लॅश स्टोरेजचा आहे. विंडोज ११ साठी हा प्रोसेसर यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टायपिंगपलीकडच्या कामाला, विशेषतः बँकेच्या, मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून देतो. आणि त्याच भावात आय-फाईव्ह ३४७० चा डबा मिळाला तर तोच उचला. ७७ वॅटमध्ये भागते, यूएसबी ३ पण बहुधा बोर्डावरच मिळते.