पवनचक्कीच्या पात्यांना पट्ट्या चिकटवल्या आणि ३,७८,३०० रुपये गेले

तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार तीनशे रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले चार महिने कुणी विचारलं की मी 'गेले असतील तीनेक लाख' म्हणून वेळ मारून नेतोय. सर्व्हेचे १८,५००, आगाऊ १,७५,०००, काम झाल्यावर १,६०,००० आणि सगळ्यात शेवटी 'कॅलिब्रेशन'चे २४,८००. या शेवटच्या २४,८०० चा राग अजून शांत होत नाही.

पवनचक्कीच्या पात्यांची एरोडायनॅमिक सुधारणा करतो, उत्पादन ३५ टक्के वाढवून देतो, असं सांगणारे कसे येतात हे वेगळं सांगायला नको. आधी फोन, मग गोड बोलणारा एक साहेब, मग आलेखांचं पुडकं, मग 'या महिन्यापुरताच दर'. माझी साडेसात किलोवॅटची चक्की आहे, रोटरचा, म्हणजे पाती फिरतात त्या वर्तुळाचा, व्यास ६.४ मीटर. वर्कशॉपची वीज तिच्यावर चालते. मेकॅनिकल डिप्लोमा करून बावीस वर्षं मशीनशॉप चालवतोय. म्हणजे मला यातलं काहीच कळत नव्हतं असं नाही, आणि लाज वाटते ती नेमकी याचीच.

पण एक गोष्ट मी ठासून सांगणार. त्यांनी जे शास्त्र सांगितलं ते खोटं नव्हतं. व्होर्टेक्स जनरेटर म्हणजे पात्याच्या पाठीवर, मुळाकडच्या जाड भागात लावायचे छोटे तिरके पंख. त्यांच्यामुळे हवेत बारीक भोवरे उठतात, वरची वेगवान हवा खाली पृष्ठभागाशी येते आणि प्रवाह पात्यापासून लवकर सुटत नाही. स्टॉल, म्हणजे प्रवाह सुटून पात्याचा जोर कोसळणं, लांबतो आणि लिफ्ट, म्हणजे पात्याला फिरवणारी उचल, टिकते. मोठ्या चक्क्यांवर हे वापरतात. पात्याची पुढची कड धुळीने, पावसाने खरवडली गेली की उत्पादन घटतं, हेही खरं. फक्त असल्या पंखांनी वर्षाच्या उत्पादनात साधारण एक-दोन टक्के पडतात, फार तर तीन. पस्तीस नाही. खऱ्या गोष्टीवर खोटा आकडा चढवला की तो गळी उतरतो, आणि माझ्या उतरला.

त्यांच्या आलेखात ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला १.५ किलोवॅट दाखवले होते. कागद-पेन घेऊन दोन मिनिटं बसलो असतो तर तिथेच विषय संपला असता. ६.४ मीटर व्यासाच्या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात मुळात २.४ किलोवॅटच असतात, आणि त्यातले ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त कुठलंही पातं काढू शकत नाही. बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ पासून ही मर्यादा सांगून ठेवलीय. म्हणजे कमाल १.४३. जनरेटरचं नुकसान धरलंच नाही तरीही. पाती कितीही सुधारा, १.५ होतच नाहीत. हे मी कॉलेजात शिकलोय, परीक्षेत लिहिलंय. कुणी आलेख पुढे केला की हा गुणाकार आधी करा, चहा नंतर विचारा.

आता तो क्षण. पंख चिकटवून झाले, पुढच्या कडेला टेप लागली. नंतर त्यांच्याकडे कामाला असलेला मुलगा म्हणाला, "काका, वाऱ्याचं मीटर नीट बसलेलं नाही, कॅलिब्रेट करून टॉवरवर घ्यावं लागेल." माझा अॅनिमोमीटर (म्हणजे हेच वाऱ्याचं मीटर) वेगळ्या खांबावर होता, हबच्याच, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाच्याच, उंचीला, चक्कीपासून १६ मीटर. पवनचक्कीचं उत्पादन मोजण्याच्या आयईसी ६१४००-१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात खांब व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर सांगितलाय, अडीच पट उत्तम. ६.४ ची अडीच पट म्हणजे १६. तो खांब मी स्वतः टेपने मोजून रोवला होता. आणि तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर अॅनिमोमीटर काढून टॉवरवर, हबच्या दोन मीटर खाली, फिरणाऱ्या पात्यांच्या मागे बसवत होता.

शेजारी माझी मुलगी उभी होती. तिने विचारलं, "बाबा, पात्यांनी वारा आधीच खाल्ला असेल ना तिथे?" मी तिला म्हटलं, त्यांना कळतं त्यांचं काम. हे वाक्य मी रोज रात्री ऐकतो. तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसायला हवं होतं. दिसलंही होतं बहुधा, पण ३,५३,५०० आधीच देऊन बसलेला माणूस स्वतःला शंका घेऊ देत नाही. वर तिथल्या तिथे २४,८०० मोजून दिले.

यात डाव काय ते समजून घ्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात बदलते. पात्यांमागे वारा मंदावलेला असतो. मीटरने वेग फक्त १० टक्के कमी दाखवला तरी तेवढीच वीज त्या वाऱ्याच्या मानाने ३७ टक्के 'जास्त' दिसते, कारण ०.९ चा घन ०.७२९, आणि १ भागिले ०.७२९ म्हणजे १.३७. पंधरा दिवसांनी त्यांनी आणलेल्या अहवालात वाढ होती ३६ टक्के. मी सही केली.

आठ महिन्यांनी वीज मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे जुन्या वहीशी लावून बघितले. आदल्या वर्षी त्याच आठ महिन्यांत ६,४२० युनिट, या वर्षी ६,२७५. वाढ राहिली बाजूला, उलट घट. वारा कमी असेल म्हणून दुसरा अॅनिमोमीटर आणून जुन्या खांबावर लावला. खांबावर ६.०, टॉवरवर त्याच वेळी ५.४. मग शिडी लावून पात्यापर्यंत गेलो. टेपच्या कडेवरून नख फिरवलं तर नख अडकलं, चक्क पायरी होती. पुढच्या कडेजवळ अशी पायरी असली की प्रवाह तिथेच बिघडतो. आणि पंख? मुळाकडे लावायचे ते टोकापर्यंत लावलेले, तेही पात्याच्या मागच्या अर्ध्या भागात, जिथे त्यांनी फक्त ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो. एका पात्यावरचे अकरा गळून पडले होते. एक हातात घेऊन उलटा केला. मागे फोटोफ्रेम भिंतीला चिकटवतात तसली फोमची दुतोंडी टेप. चक्कीला जी नवी शिट्टी आणि थरथर लागली होती, तिचं कारण हातात आलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवून 'साहेब बाहेर आहेत'. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, माल मिळाला, काम झालं, बिल आहे, हा दिवाणी वाद. मी घनाचं गणित सांगायला लागलो तर त्यांनी फाइल मिटली. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, ओटीपी कुणी चोरला नाही, आमच्याकडे बसत नाही. बँकेने तेच ऐकवलं. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर, वर्कशॉप आहे म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहक ठरता का ते आधी सिद्ध करा. वीज कार्यालय म्हणतं आमचा संबंध मीटरपर्यंत, पाती तुमची. पाच ठिकाणी पाच अर्ज, प्रत्येकाला नव्याने झेरॉक्स, आणि एकाही माणसाने 'अॅनिमोमीटर का हलवला' एवढा एक प्रश्न त्या कंपनीला विचारलेला नाही. कंपनी पळालेलीही नाही. फोन उचलतात आणि करारातलं अकरावं कलम वाचून दाखवतात: कामगिरी वाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून. मी सही केलेला अहवाल त्यांच्याकडे आहे, तोच सगळीकडे माझ्याविरुद्ध पुढे येतो.

म्हणून पहिल्या दिवशीच अॅनिमोमीटरचा फोटो काढा, मागे चक्की दिसेल असा, तारखेसह. माझ्याकडे आधीचा एकही फोटो नाही. हलवायचं म्हणाले की काम थांबवा. आधीचे आकडे मंद महिन्यांचे आणि नंतरचे जोराच्या वाऱ्याचे असतील तर तो अहवाल घेऊच नका, सही तर लांबच. करारात वाढ युनिटमध्ये लिहून घ्या, वर्षभराची, आणि निम्मे पैसे त्यानंतर. पाती धुऊन, कड दुरुस्त करून, पिच (पात्याचा कोन) नीट लावून किती फरक पडतो ते आधी बघा. ते काम कुठलाही चांगला फायबरवाला करतो.

पंख मी सगळे काढलेत. गोंद राहिलाय. थिनरने काढू नका, जेलकोट, म्हणजे पात्याचा वरचा गुळगुळीत थर, जातो. कोमट साबणपाणी आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन रोज संध्याकाळी एका पात्यावर तासभर बसतो. दोन झाली, एक उरलंय. मुलगी खालून शिडी धरते.