चार फ्रेमची चाल की आठ फ्रेमची? पिक्सेल आर्टमध्ये पात्र चालवायला शिकताना

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणारा, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेला आणि घरच्या संगणकावर स्वतःचा छोटा गेम करू पाहणारा विद्यार्थी पिक्सेल आर्टकडे, म्हणजे पडद्यावरचे छोटे चौकोनी ठिपके एकेक रंगवून चित्र रचण्याकडे, वळला की, लवकरच त्याला एक निवड करावी लागते: पात्राची चाल चार फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे हालचालीतील एकेक चित्र) बसवायला शिकावे, की पारंपरिक अ‍ॅनिमेशनप्रमाणे आठ फ्रेमची पूर्ण चाल आधी हाताखालून घालावी? बहुतेक जण हा प्रश्न कष्टांचा समजतात. चार फ्रेम म्हणजे पळवाट आणि आठ फ्रेम म्हणजे खरी मेहनत, असा त्यांचा ग्रह असतो. माझ्या मते हा प्रश्न मुळात पात्राच्या उंचीचा आहे.

आठ फ्रेमच्या चालीत प्रत्येक पावलाच्या चार अवस्था काढल्या जातात: पुढचा पाय टेकणे, त्यावर भार येऊन शरीर किंचित खाली दबणे, मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे सरकणे आणि शरीर वर उचलले जाणे. उजव्या व डाव्या पावलाच्या मिळून आठ होतात. चार फ्रेमच्या चालीत यांतील फक्त पहिली आणि तिसरी अवस्था ठेवतात. दबणे व उचलणे गाळले जाते, आणि त्याची भरपाई म्हणून पाय जवळून सरकत असतानाच्या फ्रेममध्ये संपूर्ण धड एक पिक्सेल वर घेतले जाते.

आता खांद्यावर पताका घेतलेला, धोतर-टोपीतला एक वारकरी घेऊ. तो १६ पिक्सेल उंच असेल, तर त्याच्या दोन पावलांमधील अंतर साधारण ६ पिक्सेल भरते, म्हणजे दोन पावलांच्या एका आवर्तनात तो १२ पिक्सेल पुढे जातो. चार फ्रेममध्ये विभागल्यास प्रत्येक फ्रेमला ३ पिक्सेल येतात आणि हिशेब सरळ बसतो. आठ फ्रेममध्ये तोच वाटा दीड पिक्सेल होतो, आणि अर्धा पिक्सेल पडद्यावर अस्तित्वातच नसतो. कडेच्या पिक्सेलचा रंग थोडा फिका-गडद करून अर्ध्या पिक्सेलचा भास निर्माण करता येतो हे खरे, परंतु ते कौशल्य नवशिक्याचे नाही. त्याच्या हातून बहुधा पाय थरथरल्यासारखे दिसतात. याउलट हाच वारकरी ४८ पिक्सेल उंच काढला, तर पाऊल सुमारे १८ पिक्सेलचे होते, आवर्तन ३६ पिक्सेलचे, आणि चार फ्रेममध्ये पाय दर वेळी ९ पिक्सेलची उडी घेतो. ती उडी डोळ्याला लगेच खटकते व पात्र जमिनीवरून घसरत असल्यासारखे वाटते. तेथे आठ फ्रेम हव्यातच. म्हणून २४ पिक्सेलपर्यंतच्या पात्राला चार आणि ४८ व त्यापुढील पात्राला आठ, असा माझा कल आहे. मधल्या ३२ पिक्सेलच्या पात्राला चार फ्रेम चालून जातात, मात्र त्या काळजीपूर्वक काढाव्या लागतात.

जुन्या गेममध्ये कमी फ्रेम होत्या त्यामागे यंत्राची मर्यादा होती. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील लहान मारिओ केवळ तीन चित्रांवर चालतो आणि तरीही त्याची चाल कोणाला अपुरी वाटत नाही, कारण तो १६ पिक्सेलच्या चौकोनात मावतो. दुसऱ्या टोकाला १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आहे. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उड्या मारण्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक फ्रेम उतरवली. ती हालचाल आजही देखणी दिसते, पण कळ दाबल्यावर पात्र थांबायला किंवा वळायला वेळ घेते, हा त्या देखणेपणाचा खर्च आहे. मारामारीच्या गेममध्ये हा खर्च परवडत नाही. काठीच्या एका वारासाठी मागे ओढलेली काठी २०० मिलिसेकंद, वाराची ताणलेली आकृती ५० आणि सावरणे १५०, अशा तीन फ्रेम पुरतात. तेथे आठ फ्रेम प्रत्येकी १०० मिलिसेकंदांनी लावल्या, तर खेळणाऱ्याला आपली कळ बिघडल्याचा संशय येईल.

कामाच्या प्रमाणातही मोठा फरक पडतो. वरून दिसणाऱ्या गेममध्ये चार दिशा लागतात. समोरची व पाठमोरी पावले आरशातल्यासारखी उलटवून आणि डावी बाजू उजवीवरून उलटवून घेतली, तर चार फ्रेमच्या पद्धतीत आठ वेगळी चित्रे काढावी लागतात, आठ फ्रेमच्या पद्धतीत सोळा. टोपीऐवजी फेटा घालायचे उद्या ठरले, तर तेवढी सगळी पुन्हा हाताळावी लागतात. मात्र चित्र उलटवताना आपल्या वारकऱ्याची पताका अडचण करते: समोरून चालताना ती प्रत्येक पावलागणिक उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर उडी मारू लागते. तिला स्वतंत्र लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) ठेवून फक्त हातपाय उलटवणे हा त्यावरचा उपाय आहे. शिवाय पताकेचे कापड धडापेक्षा एक फ्रेम उशिरा हलवले, तर चार फ्रेमचीही चाल जिवंत वाटते. त्यासाठी दोन-तीन पिक्सेल हलवले तरी पुरते.

आठ फ्रेमच्या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. शरीराचा भार म्हणजे काय, हे दबण्याची अवस्था काढल्याशिवाय हाताला समजत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशनचे काम करण्याचा ज्याचा विचार असेल त्याला ती शिकावीच लागेल. पण ती शिकायला १६ पिक्सेलचा चौकोन ही जागा नव्हे. कागदावर किंवा मोठ्या आकारात केवळ हातपायांच्या रेषा काढून ती शिकावी. ज्याला गेम पूर्ण करायचा आहे त्याने मात्र चारपासून आरंभ करावा आणि पोळ्याच्या बैलाचा मोह पहिल्या महिन्यात तरी टाळावा, कारण बैलाच्या चालीत चार पाय चार वेगवेगळ्या वेळी टेकतात आणि माणसाच्या चालीचा हिशेब तेथे लागू होत नाही.

साधन निवडतानाही फ्रेमच्या संख्येचा विचार उपयोगी पडतो. फ्रेम कमी असल्या की, प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबते यावरच सारी मदार असते; पाय टेकल्याची फ्रेम १७० आणि पाय सरकण्याची १३० मिलिसेकंद ठेवली, तर चालीला ठेका येतो. ब्राउझरमध्ये विनामूल्य चालणाऱ्या पिस्केल या साधनामध्ये सर्व फ्रेमना एकच वेग असतो, त्यामुळे एखादी फ्रेम थांबवायची असेल तर तिची प्रत जोडावी लागते आणि नंतर दुरुस्ती दोन्ही ठिकाणी करावी लागते. दोन-चार दिवस हात बसवण्यासाठी ते उत्तम आहे. फाइल मात्र दर वेळी उतरवून ठेवावी, नाहीतर बॅटरी नसलेल्या संगणकावर भारनियमनाची वेळ आली की काम जाऊ शकते. एसस्प्राइट हे पिक्सेल आर्टचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, सुमारे २० डॉलरला. त्यात प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र वेळ देता येतो आणि चालणे, धावणे, वार यांना वेगवेगळे टॅग, म्हणजे नावाच्या खुणा, लावता येतात. त्याच्याच जुन्या मुक्त आवृत्तीवरून निघालेले लिब्रेस्प्राइट आणि गेम बनवण्याच्या गोडो इंजिनवर उभारलेले पिक्सेलोरामा ही दोन्ही विनामूल्य आहेत, आणि स्वतंत्र वेळेची सोय दोन्हींत आहे. पैसे खर्च करण्याआधी यांपैकी एकावर वारकऱ्याच्या चारही दिशा पूर्ण कराव्यात. त्यानंतरही एसस्प्राइट हवेसे वाटले, तर ते घ्यायला हरकत नाही.