पहिलं व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर: रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह की शॉटकट?

कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकायचं ठरवलं की तीन नावं हमखास कानावर येतात: दाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह आणि शॉटकट. तिन्ही मोफत मिळतात, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात आणि तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारत नाहीत. त्यामुळे पैशांवरून निवड होत नाही. मग बहुतेक जण सुविधांच्या याद्या वाचतात, कुठल्यात किती इफेक्ट आहेत ते मोजतात आणि सगळ्यात लांब यादीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतात. माझ्या मते तिथेच सुरुवात चुकते. पहिला प्रश्न तुमच्या कॉम्प्युटरला विचारायचा आणि दुसरा स्वतःला: व्हिडिओ पटापट तयार करून हातावेगळे करायचेत, की एडिटिंग हे कसब म्हणून शिकायचंय?

आधी तिघांची कुळं बघू, कारण त्यांचे स्वभाव तिथून आलेत. रिझॉल्व्ह मुळात रंगसंस्काराची, म्हणजे कलर ग्रेडिंगची यंत्रणा होती. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये दाविंची सिस्टिम्स विकत घेतली. पुढे फेअरलाइट हे आवाजाचं आणि फ्यूजन हे व्हिज्युअल इफेक्टचं सॉफ्टवेअरही त्यातच मिसळलं. आज रिझॉल्व्ह उघडलं की खाली एका ओळीत वेगवेगळ्या कामांची पानं दिसतात: फुटेज आणायचं, भरभर कापायचं, सविस्तर एडिट करायचं, इफेक्टचं, रंगाचं, आवाजाचं आणि शेवटी एक्स्पोर्टचं. केडेनलाइव्ह २००२ मध्ये सुरू झालं आणि ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायाचं आहे. शॉटकट डॅन डेनेडी यांचं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या दोन्हींच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन आहे आणि त्या इंजिनाच्या जडणघडणीतही डेनेडी यांचा मोठा हात आहे. म्हणून या दोघांत चित्राच्या दर्जाची तुलना करत बसू नका. फरक आहे तो काम करायच्या पद्धतीत.

कॉम्प्युटर काय म्हणतो?

मोबाइलचा व्हिडिओ बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ या दाबून साठवायच्या पद्धतीत असतो. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच. फाइल त्यामुळे लहान राहते, पण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, मधल्याच एखाद्या क्षणावर प्लेहेड (कुठला क्षण दिसतोय ते दाखवणारी उभी रेघ) नेला की कॉम्प्युटरला शेजारच्या फ्रेमा उलगडून ते चित्र बांधावं लागतं. नुसता बघताना सुरळीत चालणारा व्हिडिओ एडिट करताना अडखळतो, तो यामुळे.

त्यात रिझॉल्व्ह चित्रावरची जवळजवळ सगळी प्रक्रिया ग्राफिक्स कार्डावर टाकतं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असेल तर याच कारणामुळे ते झपाट्याने चालतं. ८ जीबी रॅम आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवर ते उघडेल, पण दोन-तीन थर चढवले की थांबत थांबत चालेल आणि ग्राफिक्सची मेमरी भरल्याचा संदेश देऊ लागेल. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तसं नसतं, यंत्राची ताकद कमी पडत असते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट मुख्यतः प्रोसेसरवर काम करतात. त्यामुळे दणकट मशीनवर ते रिझॉल्व्हइतके वेगवान वाटत नाहीत, पण साध्या मशीनवर १०८०पी चं काम निभावून नेतात.

तिन्हींत प्रॉक्सीची सोय आहे. मूळ फुटेजची हलकी प्रत तयार होते, तुम्ही तिच्यावर एडिट करता आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. शॉटकटमध्ये याखेरीज फक्त समोर दिसणारं चित्र ३६०पी किंवा ५४०पी वर उतरवता येतं, अंतिम दर्जाला धक्का लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर हा एक पर्याय चालू केला तरी जिवात जीव येतो.

लिनक्सवाल्यांसाठी वेगळी सूचना. तिथल्या मोफत रिझॉल्व्हची जुनी अडचण म्हणजे मोबाइलचं एच.२६४ फुटेज त्यात थेट चालत नाही, आधी डीएनएक्सएचआरसारख्या एडिटिंगसाठीच्या स्वरूपात बदलून घ्यावं लागतं. रोज मोबाइलचंच फुटेज असेल तर लिनक्सवर केडेनलाइव्ह घ्या, दुसरा विचार करू नका.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, तेव्हा

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट सुविधांच्या यादीत कधी नसते. मोबाइल आणि स्क्रीन रेकॉर्डर अनेकदा बदलत्या फ्रेमरेटने चित्रीकरण करतात: कधी सेकंदाला ३० फ्रेम, कधी २८, उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण बघून. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र ठरीव फ्रेमरेट लागतो. परिणामी सुरुवातीला सगळं ठीक दिसतं आणि दहाव्या मिनिटाला माणूस बोलतो एकीकडे, आवाज येतो दुसरीकडे.

या बाबतीत शॉटकट मला सगळ्यांत समंजस वाटतं. अशी फाइल आणली की ते स्वतःहून सांगतं, की हिचा फ्रेमरेट बदलता आहे, एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का? केडेनलाइव्हही असं विचारतं. रिझॉल्व्ह विचारत बसत नाही. तिथे हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून आधीच ठरीव फ्रेमरेटची प्रत काढून घ्यावी. रूपांतर करताना डिस्कवरची जागा मात्र बघून ठेवा. मोबाइलचं एका मिनिटाचं १०८०पी फुटेज एच.२६५ मध्ये साधारण ६० एमबी असतं, तेच प्रोरेझ या एडिटिंगच्या स्वरूपात नेलं की एक जीबीच्या वर जातं.

फ्रेमरेटचाच आणखी एक सापळा रिझॉल्व्हमध्ये आहे. टाइमलाइनवर क्लिपा आल्या की त्या टाइमलाइनचा फ्रेमरेट मागाहून बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकण्याआधी सेटिंग बघायची सवय लावून घ्या.

कट मारताना

शॉटकटमध्ये प्लेहेड हव्या त्या जागी न्यायचा, ‘एस’ दाबला की क्लिपचे दोन तुकडे होतात. नको तो तुकडा निवडून ‘एक्स’ दाबला की तो जातो आणि पुढचं सगळं सरकून जागा भरून निघते. एक क्लिप शेजारच्या क्लिपवर थोडी ओढली की दोघींच्या मध्ये आपोआप क्रॉसफेड तयार होतो, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटतं. इतकं समजलं की घरगुती समारंभाचा किंवा शिकवणीचा व्हिडिओ पहिल्याच बैठकीत पुरा होऊ शकतो. रिझॉल्व्हच्या एडिट पानावर ‘बॅकस्पेस’ने तुकडा काढला तर मागे रिकामी जागा उरते, ‘डिलीट’ने काढला तर ती भरून निघते. हा फरक कुणी सांगितला नाही तर माणूस कितीतरी वेळ हाताने क्लिपा सरकवत राहतो.

पण खरा फरक आवाजात आहे. शॉटकटमध्ये चित्र आणि त्याचा आवाज एकाच ट्रॅकवर एकत्र राहतात. वेगळा करायचा तर ‘डिटॅच ऑडिओ’ करावं लागतं. केडेनलाइव्ह आणि रिझॉल्व्हमध्ये चित्राचा ट्रॅक वर आणि आवाजाचा खाली, पहिल्यापासून स्वतंत्र, तरी एकमेकांशी जोडलेले. हे बारीकसं वाटेल, पण मुलाखत एडिट करायला घेतली की याचं महत्त्व कळतं. उत्तर देणाऱ्याचा आवाज सुरू होतो तेव्हा पडद्यावर अजून प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा असतो आणि अर्ध्या सेकंदाने चित्र बदलतं. याला जे-कट म्हणतात. उलट, चित्र बदललं तरी आधीचा आवाज चालू राहिला तर तो एल-कट. संभाषण सहज वाहतंय असं प्रेक्षकाला वाटतं ते बहुतांशी या दोन कटांमुळे. चित्र आणि आवाज नेमक्या एकाच फ्रेमवर कापत गेलात तर प्रत्येक कट ठेचकाळतो. ज्यांना माणसांचं बोलणं एडिट करायचंय त्यांनी शॉटकटपेक्षा केडेनलाइव्ह किंवा रिझॉल्व्ह घ्यावं हे माझं ठाम मत आहे.

रंगाच्या बाबतीत रिझॉल्व्हशी बाकी दोघांची बरोबरी होत नाही. मोफत आवृत्तीतही रंगाचं पान जवळजवळ पूर्ण मिळतं: नोड (रंगावरच्या एकेका कामाचे टप्पे), स्कोप (उजेड आणि रंग मोजणारे आलेख), चित्राचा ठरावीक भाग निवडून फक्त त्यावर काम. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) आणि मॅजिक मास्क (चित्रातला माणूस आपोआप निवडणं) यांसारखी काही साधनं विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत. असा स्टुडिओतला इफेक्ट मोफत आवृत्तीत लावला तर चित्रावर शिक्का येतो, तेव्हा गोंधळून जाऊ नका, तो इफेक्ट काढला की शिक्काही जातो. मोफत आवृत्तीतून ३८४०×२१६० पर्यंतचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काढता येतो. शिकणाऱ्याला एवढं खूप झालं. केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये उजेड, पांढऱ्याचा समतोल आणि रंगछटा सुधारण्यापुरती साधनं नीट आहेत. मोबाइलच्या आधीच घट्ट दाबलेल्या फुटेजमध्ये त्यापलीकडे रंग ताणायला फारशी जागाही नसते.

देवनागरी अक्षरं

मराठीत शीर्षकं आणि उपशीर्षकं द्यायची असतील तर निवड पक्की करण्याआधी एक चाचणी घ्याच. टायटलमध्ये ‘विद्यार्थी’, ‘कीर्ती’, ‘क्षत्रिय’, ‘दुसऱ्या’ हे शब्द लिहा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते का, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसतो का, जोडाक्षर पाय मोडून सुटं होत नाही ना, ते बघा. मग दुसऱ्या एखाद्या युनिकोड फॉन्टमध्ये तेच करून बघा. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन टायटल साधनांत वेगवेगळा निकाल येऊ शकतो, म्हणून जे साधन वापरणार आहात त्यातच तपासा. (ॲडोबीचं प्रीमियर प्रो वापरणाऱ्यांसाठी: ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. अक्षरं तुटत असतील तर आधी तिथे जा.)

बोलण्यावरून उपशीर्षकं तयार करायची सोय केडेनलाइव्हमध्ये मोफत आहे. व्हिस्पर हे बोलणं ओळखून लिहिणारं एआय मॉडेल उतरवून घेतलं की काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं आणि मराठी त्याच्या भाषांत आहे. आलेला मजकूर हाताने तपासावा लागतोच, विशेषतः नावं. रिझॉल्व्हमध्ये बोलण्याचं लिखित रूप करण्याची सोय स्टुडिओ आवृत्तीतच आहे.

प्रोजेक्ट राहतो कुठे?

केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये प्रोजेक्ट ही साधी फाइल असते, तुम्ही ठेवाल त्या फोल्डरमध्ये. रिझॉल्व्ह आपल्या डेटाबेसमध्ये प्रोजेक्ट ठेवतं, म्हणून फोल्डरमध्ये शोधून तो सापडत नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून घ्यावा लागतो. फुटेजसकट हवा असेल तर ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ करायचं. तिन्हींना एक नियम सारखाच लागू: प्रोजेक्टमध्ये फुटेज नसतं, फक्त ते कुठे आहे त्याचा पत्ता असतो. मूळ फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं की टाइमलाइनवर तिची जागा ओस पडते. प्रत्येक व्हिडिओसाठी एक फोल्डर करा आणि फुटेज, संगीत, फोटो सगळं एडिटिंग सुरू करण्याआधी त्यात टाका.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. मॅक असेल तर आयमूव्ही उघडून बघा, शिकायला सोपं आहे, पण मुख्य चित्रावर आणखी एकच चित्र-थर चढवता येतो, त्यामुळे त्याची हद्द लवकर येते. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आयतं असतं. दोन तुकडे जोडायला ठीक, मात्र मोफत एक्स्पोर्ट १०८०पी पर्यंतच. प्रीमियर प्रो वर्गणीवर चालतं, वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं. जिथे काम करायचंय तिथे तेच वापरतात हे पक्कं ठाऊक असेल तरच त्यापासून सुरुवात करण्यात अर्थ आहे. फायनल कट प्रो फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं.

मग कुणी काय घ्यावं?

८ जीबी रॅमचा लॅपटॉप, मोबाइलचं फुटेज आणि कधीमधी लागणारे छोटे व्हिडिओ: शॉटकट. तसाच लॅपटॉप, पण मुलाखती, शिकवणीचे व्हिडिओ, मराठी उपशीर्षकं आणि नियमित काम: केडेनलाइव्ह. ते मधूनच बंद पडण्याच्या तक्रारी तुम्ही वाचल्या असतील. २०१९ च्या १९.०४ आवृत्तीत त्याचा टाइमलाइनचा गाभा नव्याने लिहिला गेला. तरीही सेव्ह करत राहा, आणि काही बिघडलंच तर फाइल मेन्यूत बॅकअप उघडायचा पर्याय आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी किंवा जास्त रॅम आणि पुढे एडिटिंगचा व्यवसाय करायची इच्छा: सरळ रिझॉल्व्ह. ब्लॅकमॅजिकची प्रशिक्षणाची पुस्तकं आणि सरावाचं फुटेज त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. सुरुवातीला कट किंवा एडिट आणि शेवटी एक्स्पोर्टसाठी डिलिव्हर एवढ्याच पानांवर राहा, फ्यूजनकडे निदान पहिले काही व्हिडिओ वळू नका.

पुढे सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं तर अर्धवट प्रोजेक्ट इकडून तिकडे नेण्याच्या फंदात पडू नका. कट एकवेळ जातील, पण इफेक्ट, टायटल आणि रंग बहुधा मागेच राहतात. हातातला व्हिडिओ जुन्यातच संपवा, त्याची एक जास्त बिटरेटची, म्हणजे कमी दाबलेली, प्रत काढून ठेवा आणि पुढचा नव्यात सुरू करा.