स्वस्तातला पोर्टेबल स्टिरिओ: पावसाळा काढल्यानंतरचं मत

दीड हजाराच्या आतला, वर मूठ असलेला, एफएम, मिडियम वेव्ह, पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ सगळं एकाच डब्यात असलेला सेट उन्हाळ्यात लॅमिंग्टन रोडवरून आणला. हाच डबा तीन-चार नावांनी विकतात, त्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही. घेण्यामागे वडिलांचा हट्ट. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हापासून ‘घरात बॅटरीवरचा रेडिओ हवाच’ हे त्यांचं पालुपद.

आधी रेडिओबद्दल, कारण सेटची खरी कमाई तिथेच आहे. आम्ही परळला, सातव्या मजल्यावर. एफएम एकदम स्वच्छ. एरियल पूर्ण ओढलं की मात्र जोरकस खासगी स्टेशनं शेजारच्यांवर चढतात; निम्मं आत ढकललं की आकाशवाणीचं एफएम गोल्ड (१००.७) आणि विविध भारती (१०२.८) सुटी ऐकू येतात. पट्टीवरचे आकडे आणि काटा यांचं जमत नाही. आईने विविध भारतीच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन टाकलाय. रात्री दहाला ‘छायागीत’ लावायला तिला आता चष्मा लागत नाही.

मिडियम वेव्हवर मात्र कष्ट आहेत. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ वर लागते, पण घरात नुसती खरखर. एकेक दिवा बंद करत गेल्यावर चोर सापडला: पॅसेजमधला स्वस्त एलईडी बल्ब. तो बदलला, आवाज बराच निवळला. दुसरी गोष्ट, मिडियम वेव्हसाठी बाहेरची दांडी ओढून काही होत नाही. त्याचं एरियल म्हणजे आत बसवलेली फेराइटची (लोहचुंबकी पदार्थाची) कांडी, त्यामुळे अख्खा सेटच फिरवावा लागतो. आमच्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर तिरपा ठेवला की बातम्या शब्द न् शब्द कळतात. शेजारी मिक्सर लागला तर गेल्या बातम्या, त्याला इलाज नाही. चार्जरची पिनही ऐकताना काढून ठेवा. ती लावली की एक बारीक गुणगुण चालू राहते.

गाण्यांचं म्हणाल, तर ‘स्टिरिओ’ हा शब्द फार मनावर घेऊ नका. दोन स्पीकर वीतभर अंतरावर. डावं-उजवं कळायचं तर इअरफोन लावावा. बास घुमतो, पण खोल जात नाही. गायकाचा आवाज पुढे येतो, म्हणून जुनी भावगीतं, नाट्यगीतं छान वाटतात. ढोल-ताशे लावलेत तर पत्रा वाजतो. खोक्यावर वॉटचा आकडा तीन अंकी छापलाय. चार्जिंग ५ व्होल्ट, १ अँपिअरचं, म्हणजे आत जाते जेमतेम ५ वॉट वीज. बाकीचे वॉट छापखान्यातलेच! बॅटरी मात्र प्रामाणिक निघाली. आवाज निम्म्यावर ठेवला तर संध्याकाळ आरामात निघते.

पेनड्राइव्ह एफएटी३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅटमध्येच लागतो. गाणी नावाच्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने कॉपी केलीत त्या क्रमाने वाजतात. म्हणून अभंग, भूपाळ्या आधी भरल्या, वडिलांच्या मैफिली नंतर. आता सेटची सर्वांत वैतागवाणी खोड. चालू केला की एक बाई खणखणीत इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं ओरडते, आणि तिच्या आवाजावर व्हॉल्यूमचं बटण चालत नाही. पहाटे साडेपाचला भूपाळी लावायची म्हटली तर आधी बाई, मग देव. हे बंद करायची सोय कुठेच सापडली नाही. शेवटी आई सेटवर उशी दाबून धरते आणि मग खटका ओढते.

पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडल्या. एरियलच्या सांध्यावर गंज आला आणि व्हॉल्यूमची चकती फिरवताना कचकच सुरू झाली. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा स्प्रे) मारून कचकच गेली. गंज पुसून काढलाय, पण वरचा भाग सैल झालाय तो झालाच.

दुकानात घेणार असाल तर ब्लूटूथ तपासण्यात वेळ घालवू नका, ते चालतंच. दुकानदाराला मिडियम वेव्ह लावून दाखवायला सांगा, चकती दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, आणि मागचं झाकण उघडून सेल बदलता येतो का ते पाहा. आमच्यात येतो. ज्यात सेल आतच डकवून टाकलाय तो सेट शंभर रुपये स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.